कानिफनाथाची बायको

वीज यायला अजून तासभर आहे म्हणतात, तोवर बसा निवांत. समर्थ, तो मोबाईलचा उजेड बंद कर बाबा, डोळ्यांत जातो. ही गोष्ट रामहरीची. आपला टेम्पोवाला रामहरी, तोच. त्याने स्वतः सांगितलेली आहे, आणि रामहरीला खोटं बोलणं जमत नाही. जमलं असतं तर एकाचे चार टेम्पो झाले असते त्याचे.

झालं असं, की त्याच्या ज्योतीला नगरला नर्सिंगला जागा मिळाली. पोरगी हुशार. पण जागेला जातीचा दाखला हवा, दाखल्याला पुरावा हवा, आणि पुरावा हवा तोही पार खापरपणजोबाच्या काळातला. रामहरीचा खापरपणजोबा म्हणजे कानिफनाथ. घरात हे नाव सगळ्यांना पाठ. सरकारी कागदावर मात्र ते कुठेतरी सापडायला हवं होतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आपल्याला ठाऊक असतं, पण कॉलेज थांबत नाही. शुक्रवारी पाचपर्यंत कागद जोडा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

जागा मिळायच्या आधीपासून, चार महिने रामहरीने हेलपाटे घातले. सकाळी मार्केटला कांदा उतरवायचा आणि दुपारभर नगरच्या सरकारी दफ्तरखान्यात बसायचं. तिथे यामिनीबाई म्हणून मोडी वाचणाऱ्या बाई होत्या. आपल्या गावची जन्ममृत्यूची जुनी बुकं त्यांनी पान न् पान वाचली. शिरगणतीचे जुने कागदही पाहून झाले. त्यात इतकी घरं, इतके पुरुष, इतक्या बायका असे आकडे होते, नाव एकाचंही नव्हतं. कानिफनाथ कुठेच सापडेना. त्याचा जन्म नाही, मरण नाही, त्याला पोर झाल्याची नोंद नाही.

दोन वर्षांपूर्वीची, नऊ जुलैची, मंगळवारची रात्र. त्या दिवशी यामिनीबाईंनी शेवटचं बुक मिटलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "रामहरीभाऊ, तुमच्या गावचं एकही बुक आता वाचायचं राहिलेलं नाही." रामहरी नुसता मान हलवून उठला. भाड्याची दोन कामं होती, ती उरकली आणि साडेदहाला नगरहून निघाला. करंजीचा घाट गेला, तिसगाव गेलं. अमरापूर सोडलं तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती. आषाढातली चौथ, चंद्र केव्हाच मावळलेला. ज्योतीला काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. रडावं म्हटलं तरी रडू येईना, इतका दमला होता.

पुढच्या वळणावर दिव्याच्या उजेडात दोघं दिसली. पुढे गडी आणि चार पावलं मागे बाई. बाईचे दिवस भरत आलेले. कमरेवर हात ठेवून ती कशीबशी चालत होती. रामहरीने ब्रेक मारला. तुमच्यापैकी कुणी मारला नसता, पण तो रामहरी.

"कुटं जायचं, पाव्हनं?"

"आवळगावाला. हिच्या म्हायेरी."

"आन् असं चालत? एवढ्या रातीचं? आसल्या बाईमानसाला?"

"पैलं बाळंतपन हाय," गडी म्हणाला. "म्हायेरीच व्हायला पायजे."

"मंग त्यांना फुडं बसवा माज्या शेजारी."

गड्याने नको म्हणून मान हलवली. दोघं मागे हौद्यात चढली. हौद्याचा मागचा फाळका उघडल्याचा आवाज काही झाला नाही, पण हे रामहरीच्या लक्षात आलं ते फार नंतर. केबिनची मागची काच फुटलेलीच होती, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं. झोप लागू नये म्हणून त्याने बोलणं काढलं.

"कुन्या गावचं तुमी?"

गड्याने आपल्या ह्याच गावाचं नाव सांगितलं.

रामहरी हसला. "मंग मी कसं वळखंना? कुन्या भावकीतलं?"

"तुमच्याच."

"नाव काय?"

"कानिफनाथ."

रामहरीचा पाय ॲक्सिलेटरवरून उचलला गेला.

"कानिफनाथ पुंजाराम," मागून आवाज आला.

वर आरसा होता. त्याने आरशात पाहिलं नाही. मागे वळायचं नाही. स्टिअरिंग धरून राहायचं. एवढंच त्याने ठरवलं. पण गप्प बसणं त्याहून अवघड होतं.

"आन्... मालकीनबाईंचं नाव?"

गडी बोलला नाही. बायकोचं नाव घ्यायचं नाही, ही तेव्हाची रीतच होती. पण तीही बोलली नाही.

अर्धा मैल गेला.

एक मैल.

मग बाई बोलली. अगदी त्याच्या मानेपाशी.

"चार म्हैनं झालं... ह्यांचंच नाव घेऊन हुडकताय."

...

"माजं कोनी इचारलंच न्हाई."

आवाजात राग नव्हता, असं रामहरी सांगतो. राग असता तर बरं वाटलं असतं. ती फक्त दमलेली होती. त्याच्यासारखीच.

आवळगावचा फाटा आला. त्याने गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं. कुणी उतरल्याचा आवाज नाही. पाय वाजले नाहीत. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं... शेवटी मारुतीचं नाव घेतलं आणि वळून पाहिलं.

हौदा रिकामा. फाट्याचा रस्ता रिकामा. फाळका लावलेला, त्याने नगरात लावला होता तसाच.

घरी पोचला तर ज्योती जागीच. बापाचा चेहरा पाहून तिला कळलं. नुसतं म्हणाली, "आण्णा, न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या. फुडल्या साली बघू." पुढच्या साली काही होत नसतं, लग्न होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. रामहरी तसाच आत गेला. त्याने आईला, पुष्पावतीबाईला, उठवलं.

"आई, कानिफनाथाच्या बायकूचं नाव काय गं हुतं?"

म्हातारी डोळे चोळत उठली. "मला काय ठावं? मी आले तवा कोनी सांगितलं न्हाई. बायकांची नावं ऱ्हातेत व्हय कुटं?"

दुसऱ्या दिवशी दफ्तरखाना उघडायच्या आधी रामहरी दारात उभा. रात्रीचं त्याने काही सांगितलं नाही. सांगून वेड्यात कोण निघणार? यामिनीबाईंना एवढंच म्हणाला, "आवळगावचं बुक बघा."

"आवळगावचं? तिथे तुमचं कोण?"

"कानिफनाथाच्या बायकूचं म्हायेर. पैलं बाळंतपन तितं झालंय."

यामिनीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, चार महिने आपण नवऱ्याच्याच गावात शोधत बसलो! पोर माहेरी जन्मलं तर नोंद माहेरच्या बुकात पडणार. हे मला बाईमाणसाला सुचू नये?"

अर्ध्या तासात सापडलं. सन अठराशे त्र्याऐंशी. 'कानिफनाथ बिन पुंजाराम याचे बायकोस मुलगा.' रामहरीने तिथेच टेबलावर डोकं टेकलं आणि तेव्हा कुठे त्याला रडू आलं. शुक्रवारी तीन वाजता कागद जोडला गेला. ज्योती आज तिसऱ्या वर्षाला आहे, तुम्ही पाहताच.

पण त्या दिवशी रामहरी डोळे पुसत होता, तेव्हा यामिनीबाईंचं बोट त्याच पानावर आणखी खाली गेलं आणि थांबलं. नऊ दिवसांनंतरची नोंद.

'सदरहूची बायको बाळंतरोगाने मयत.'

नाव इथेही नव्हतं. त्यापुढे रकाना, मयतीची खबर कोणी दिली त्याचा. त्या रकान्यात बोराएवढं एक गोल काढलेलं होतं.

"ही बांगडी," यामिनीबाई हळूच म्हणाल्या. "लिहिता न येणाऱ्या बायका सहीच्या जागी बांगडी काढायच्या."

"मंजी खबर द्यायला बाई गेल्ती?"

"तसंच दिसतंय."

"कोन बाई?"

"बांगडीला नाव नसतं, भाऊ..."

बोलता बोलता त्यांनी त्या गोलावर बोट टेकवलं. उचललं.

बोट काळं झालं होतं.

त्या बुकाच्या पानापानाचे फोटो आदल्याच वर्षी काढून संगणकात भरलेले होते. यामिनीबाईंनी ते पान उघडलं. नोंद तीच. अक्षर तेच. पुढचा रकाना...

कोरा.

बुक मिटलं, फडक्यात बांधलं, कपाटात गेलं.

मागच्या महिन्यात रामहरी दफ्तरखान्यावरून चालला होता, तेव्हा त्याने यामिनीबाईंची गाठ घेतली. अजून बघता का ते पान, म्हणून विचारलं. त्यांनी नुसता उजवा हात पुढे केला. बोटाच्या टोकाला शाई होती.

ओली.