निळसर चुना

नवरात्राला दोन आठवडे उरले होते. कोथरूडच्या आपल्या बैठ्या घराची पुढची भिंत पूर्णिमा शिडीवर चढून चुन्याने रंगवत होती. दादा, तिचे वडील, गेल्यानंतरचा हा पहिलाच दसरा, म्हणून चुनकळी भिजवण्यापासून नीळ-डिंक घालण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. कुंचा जरा जोरात फिरला… आणि खाली कुणीतरी डोळा धरून मटकन बसलं.

"चोळू नका, चुना आहे." ती धडाधड उतरली, त्याला नळापाशी ओढत नेलं आणि डोळ्यात पाणी सोडत राहिली.

"उघडा डोळा."

"उघडत नाही हो…"

"उघडा म्हणते ना."

पाव तासाने डोळा उघडला. लालभडक, पण दिसत होतं. पापण्या लांब होत्या. ते आपल्या लक्षात आलं, याचाच तिला राग आला.

"शिडीखाली उभं राहतं का कुणी?"

"पत्र द्यायचं होतं." त्याने ओलं पाकीट पुढे केलं. तो ज्ञानदेव, यवतमाळचा. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, शेजारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने.

पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या घराच्या गावठी निळसर रंगामुळे सोसायटीची शोभा जाते. कृपया क्रीम ऑइलपेंट द्यावा.'

पूर्णिमाने ते दोनदा वाचलं. "तुमची सोसायटी आमच्या ज्वारीच्या रानात उभी आहे. रान घेताना गावठी वाटलं नाही ते? कुणी लिहिलं हे?"

"सेक्रेटरींनी सांगितलं, मी टाइप केलं."

"म्हणजे वाचलंत."

तो म्हणाला, "हो."

"मग डोळा गेला असता तरी बिघडलं नसतं. नाहीतरी कुठे वापरता?"

आठवडाभर ती धुमसत होती. आई, मथुराबाई, एकदा म्हणाली, "पोराचा डोळा कसा हाय, बघून तरी ये."

"मी नाही जात." पण बसस्टॉपवर उभं राहिलं की नजर मात्र तिसऱ्या मजल्यावर…

रविवारी ती पुन्हा कुंचा घेऊन भिंतीपाशी असताना तो स्वतःच आला. डोळा निवळला होता. अंगात जुना शर्ट.

"मीटिंगमध्ये सांगितलं, पत्र चूक आहे, मागे घ्या. घेतलं त्यांनी. पण सेक्रेटरींनी घरमालकाला फोन केला… महिन्याभरात खोली सोडायची."

"सोडायची म्हणजे? खरं बोलल्याची शिक्षा?" कुंचा हातात तसाच धरून ती फाटकाकडे निघाली. "कुठे आहेत ते सेक्रेटरी?"

तो आडवा आला. "राहू द्या. स्वारगेटला खोली बघितली आहे."

"स्वारगेट? इतक्या लांब?"

शब्द निसटले होते. तो हसला नाही, हे बरं झालं. नुसता बघत राहिला, आणि तिचे कान तापले.

"काम करायचं तर करा," ती फणकारली. "चुन्याला एक हात पुरत नाही. दुसरा द्यावाच लागतो."

त्याने कुंचा घेतला. अर्धी भिंत झाली. मग भिंतीकडेच तोंड ठेवून तो म्हणाला, "पूर्णिमा… हात मागायचा झाला, तर कुणाकडे मागायचा?"

"इतका वेळ लागतो विचारायला?" तिचा आवाज रागाचाच होता, फक्त थरथरत होता. "आई आत आहे. पाय धुऊन जा."

तो खरंच नळाकडे निघाला.