गंजिफाचं कोरं पान

सावंतवाडीच्या वळणावर एस.टी.ने असा हिसका दिला, की शेजारच्या तरुणाच्या टोपलीतली गंजिफाच्या पत्त्यांची गोल, रंगीत पानं थेट सुगंधाच्या ओटीत आली.

सुगंधा मालवणच्या इस्पितळात नर्सिंग शिकत होती. एकदा नापास झालेली. पुन्हा तसंच झालं, तर घरी आरोंद्याला आणून लग्न लावून देईन, असं वडिलांनी बजावलं होतं. कोणत्या विषावर कोणता उतारा, हेच मेलं तिच्या डोक्यात राहत नसे.

पानं गोळा करताना तिने विचारलं, कुठलं पान कुणाला मारतं हे लक्षात कसं राहतं? तरुण हसला. सत्यवान त्याचं नाव, पिढीजात चितारी.

"पाठ कोण करता गो? खेळतत... आणि येता."

मालवणात उतरताना ती म्हणाली, "माका अशी पानां करून दी. विषांची."

"विषांची? तुझो घोव जिवंत आसा मां?"

"लगीनच झालां नाय अजून – " आणि तिचे कान तापले.

मग मालवणच्या दर बाजाराला तो विषांची आणि उताऱ्यांची रंगवलेली पानं घेऊन येऊ लागला. राजाच्या जागी त्याने विष काढलं होतं. तिने ते परत केलं. "राजा रोगी, प्रधान नर्स. विषाक कसली गादी?" गंजिफात असं चालत नाही, असं कुरकुरत त्याने सगळं पुन्हा रंगवलं. एक पान मात्र राखून ठेवलं. पास झालीस की ने, म्हणाला.

नर्सिंगच्या मुलींच्या हातात पत्ते बघून मेट्रनबाई संतापल्या. सुगंधाने मान खाली घातली नाही. त्यांच्यासमोरच डाव मांडला. बाई हरल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणीच्या तासालाच गंजिफाचा डाव बसू लागला.

सुगंधा पास झाली. खारेपाटणच्या दवाखान्यात नेमणूकही झाली. निकाल कळताच ती सावंतवाडीला गेली आणि सत्यवानापुढे हात पसरला.

त्याने पान ठेवलं. नुसता लाखेचा लाल रंग, वर काहीच नाही.

"हेच्यार काय काढू... तां तू सांग."

तिने ते पान त्याच्या रंगाने माखलेल्या बोटांत परत दिलं.

"घर काढ. पण खारेपाटणातलां. नोकरी मी सोडूचंय नाय."

"म्हणजे टोपली घेवन माकाच येवचां लागतलां?"

"एस.टी. जाता थंय."

सत्यवानाने कुंचला बुडवला, आणि घराआधी एस.टी. काढायला घेतली.