सौदापथावरून आलेली हाक

दर्शना मांडवावरचे बोंबील उलटत होती, तेवढ्यात तिचा मोबाइल थरथरला. मासेमारीला गेलेल्या नवऱ्याने, हरेशने, भर समुद्रातून सौदा टाकला होता. सतरा शेअर, भाव एकोणपन्नास. तुमची संमती?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्या जाळ्यासाठी साठवलेले पैसे त्याने गेल्या वर्षी शेअर बाजारात घालवले, तेव्हा तिने हे संमती-खातं उघडायला लावलं होतं. एकाने सौदा टाकायचा, दुसऱ्याने मंजूर केला तरच तो बाजारात जायचा. पुन्हा त्या नादाला लागणार नाही, अशी एकवीरेची शपथ घेतली होती त्याने! तिने नामंजूर दाबलं.

लगेच दुसरा सौदा. बहात्तर शेअर, भाव चाळीस. नामंजूर. मग पुन्हा सतरा, एकोणपन्नास.

"लाज कशी वाटत नाही मेल्याला!" तिने तिसऱ्यांदा बोट आपटलं. पडद्यावर अक्षरं उमटली: तीन नकार. हरेश यांना आज नवा सौदा टाकता येणार नाही.

"बरं झालं."

शेजारी बसलेल्या नणंदेने, वनिताने, मोबाइल ओढून घेतला. "वहिनी, हा शेअर दोन हजारांना चाललाय. दादा एकोणपन्नासला मागतोय? येडा झालाय का तो?"

दर्शनाने आकडे पुन्हा वाचले. सतरा, एकोणपन्नास. बहात्तर, चाळीस. अक्षांश आणि रेखांश. हर्णै बंदरावरच्या कुठल्याही बाईला ते कळले असते.

"आई गं! बोट बुडतेय त्याची!"

तिने हरेशला फोन लावला. लागणार कसा? उपग्रहांचं जाळं डोक्यावर फिरत होतं, पण बाजार चालू असेपर्यंत त्यातली वाट आधी सौद्यांची. तिला सौदापथ म्हणत. बड्या दलालांनी ती विकत घेतलेली, म्हणून समुद्रावरचे फोन आणि निरोप साडेतीनपर्यंत रांगेत. संकटाच्या हाकेला सूट होती, पण ती फक्त बोटीवरच्या नोंदलेल्या यंत्राला, खिशातल्या मोबाइलला नाही. आणि यंत्रच पाण्याखाली गेलं तर? मग बुडत्या माणसाने शेअर मागायचे! आग लागो असल्या सोयीला.

मग तिने किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला फोन केला. त्यांनी आकडे लिहून घेतले. "निघतोच आम्ही, ताई. दोन तास लागतील. पण ओहोटीचा ओढा जबर आहे, तोवर माणसं कुठल्या कुठे वाहून जातात. नवे आकडे येत राहिले पाहिजेत."

कुठून येणार? तिनेच दार लावून घेतलं होतं. ती वाळूत बसून हमसाहमशी रडू लागली.

वनिताने तिला गदागदा हलवलं. "वहिनी, दादाला टाकता येत नाही. तुला येतं की! संमती विचारायला तो त्याच्याकडेच जाईल. आकडे नाही, निदान हो-नाही तरी कळेल."

दर्शनाने सौदा टाकला. दोन शेअर, भाव दोन. दोन तास, हरेश. दोन तास तग धर. पडद्यावर आलं: जोडीदाराच्या संमतीची वाट पाहत आहोत. दहा मिनिटांनी सौदा आपोआप रद्द झाला. तिने पुन्हा टाकला. पुन्हा रद्द. हातातली कामं टाकून बायका भोवती गोळा झाल्या.

"मंजूर कर, नाही कर, काहीही दाब," ती मोबाइलवर ओरडत होती, "पण एकदा बोट लाव रे!"

चौथ्या सौद्याला उत्तर आलं. नामंजूर.

"जिवंत आहे! दादा जिवंत आहे!" वनिता किंचाळली, आणि बायकांनी एकच गलका केला.

दर्शना मात्र पडद्याकडे बघत राहिली. त्याने जमेल ते बटण दाबलं होतं, की दोन तास आपल्याच्याने निघणार नाहीत, असं सांगत होता तो?