खाऱ्या चिखलातली बिळं

बिळाचं तोंड जेमतेम पेन्सिल मावेल एवढं, पण कड कंपासनं काढल्यासारखी गोल. अळीचं चपटं डोकं त्यात झाकणासारखं बसतं. सावली पडली की झटकन आत. हीच अळी पुढे हिरव्या-तांबड्या झळाळीचा वाघ-भुंगेरा होऊन खाऱ्या चिखलावर सुसाट पळते.

आज एकही बीळ नव्हतं. बांधाकडेचा चिखल लादीसारखा गुळगुळीत!

"कुणी केलं हे?" किड्यांचा अभ्यास करायला इथं आलेल्या तिनं विचारलं.

"मी..." मिठागराचा व्यवस्थापक खुशीत म्हणाला. "काल घसरलीस ना? म्हटलं, रोलर फिरवावा. किडेबाईंना चालायला बरं."

ती खाली बसून बुजलेली बिळं चाचपू लागली. त्याचा चेहरा उतरला; तोही शेजारी बसला.

गेल्या मोसमात ती अशीच बांधावर पालथी पडून भुंगेरा न्याहाळत होती. बाई बेशुद्ध पडली समजून यानं पाण्याची अख्खी बाटली तिच्या डोक्यावर ओतली होती. "माझा किडा पळाला!" हे तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं. त्यानं लग्नाचं विचारलं, तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "सांगते." मग दूरच्या शहरातल्या संस्थेनं तिला नोकरी देऊ केली. तिथे होकार-नकार आजच कळवायचा होता, आणि ते "सांगते" अजून तसंच लोंबकळत होतं.

"अळ्या मेल्या असतील का गं?"

"माहीत नाही. बघत बसायचं."

तो उठला, उन्हाचा अंदाज घेतला आणि पलीकडे जाऊन उकिडवा बसला.

"तिकडे का?"

"इथून सावली पडत नाही."

ती चिखलाऐवजी त्याच्याकडेच बघत राहिली. कपाळावर घाम, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, नजर जमिनीला खिळलेली...

ऊन चढलं. अचानक आतून मातीचा कण टुणकन उडाला. मग दुसरा.

"आली!" त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"हळू... घाबरेल ती."

"घाबरलोय मी," तो कुजबुजला. "तू जा नोकरीला. मी अडवणार नाही. पण काय ते एकदा सांग, बाई."

तिनं हात सोडवून घेतला नाही.

"या अळीचा भुंगेरा झालेला मला बघायचाय. संस्थेला कळवते — काम करीन, पण इथूनच. नसेल जमत, तर राहिलं. आणि... लग्न करते मी तुझ्याशी."