सतरा नंबरचा बाक

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजा.

पण हे माझ्या सख्ख्या भावोजींच्या बाबतीत घडलंय. आणि थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते, ती मुरलीधरभावोजींकडे नावालाही नाही. ताईचं लग्न झाल्यापासून आम्ही बघतोय. साधा विनोद सांगायचा तरी हा माणूस आधी तारीख सांगतो.

तर तारीख. जुलै १९९९. अबू धाबीजवळ मुसफ्फा, तिथल्या गॅरेजच्या रांगेतलं एक मॉडेल वर्कशॉप. बांधायच्या इमारतींची छोटी मॉडेलं तिथे बनायची. भावोजी तिथले मुख्य कारागीर.

रात्र नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

भर दुपार होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

त्या वर्षी एक वेगळं काम आलं होतं. एका डॅनिश कंपनीला तिथल्या ऑफिसच्या लॉबीत आपल्या गावचं जुनं चर्च मॉडेल करून ठेवायचं होतं. तीनशे वर्षांपूर्वीचं, बरोक पद्धतीचं. थोर्किल नावाचा त्यांचा आर्किटेक्ट नकाशांची गुंडाळी घेऊन आला आणि दर आठवड्याला डोकवायला लागला.

भावोजी तीन महिने त्या चर्चमध्येच राहत होते म्हणा ना. अधिकचं चिन्ह असतं तसा सारख्या चार हातांचा पाया. लाल विटांच्या भिंती, उंच कमानदार खिडक्या. वेदीमागे सोनेरी ढग आणि त्यातून डोकावणारे गुबगुबीत देवदूत. वर तांब्याचा हिरवा पडलेला मनोरा, ओला टॉवेल पिळावा तसा पीळ घातलेला. पहिला मनोरा वीज पडून जळाला. मग पन्नास वर्षं चर्च बोडकंच होतं, नंतर हा पिळाचा बांधला. आग आतही पसरली, लाकडातले वाचले ते फक्त बाक.

ते बाकही वेगळेच. प्रत्येक बाक म्हणजे एक लाकडी कप्पा. त्याला छोटं दार, दारावर पितळी नंबर. मॉडेलमध्ये सगळं पंचविसाव्या हिश्शाचं, तरी दारं उघडायची आणि मिटायची. ती कारागिरी हमदुल्लाचाचांची. रत्नागिरीकडचे, साठीचे सुतार. हात तेव्हाही सुईत दोरा ओवण्याइतका स्थिर.

त्याच जुलैत उपेंद्र हरवला.

उपेंद्र म्हणजे भावोजींचा धाकटा भाऊ. अबू धाबीतच एका टगवर, म्हणजे बार्ज ओढणाऱ्या बोटीवर होता. शनिवारी टग बेटांकडे निघाली. सात माणसं. सोमवारी शमाल सुटला, तो तिथला धुळीचा, खवळलेला वारा.

मंगळवारी रेडिओ बंद.

बुधवारी... काहीच नाही.

भावोजी रोज कामावर जात होते. रडले नाहीत. जेवत होते, ताई वाढेल तेवढं. ती काय विचारतेय ते त्यांना ऐकू यायचं, पण फार लांबून. बोटांना मात्र काम येत होतं, म्हणून ती काम करत होती.

शेवटचं काम होतं माणसं बसवण्याचं. मॉडेलमध्ये इमारतीची उंची कळावी म्हणून प्लास्टिकची माणसं ठेवतात. इथे बोटभर उंचीची, बसलेली. चिमट्यानं उचलायचं, खाली सुपरग्लूचा थेंब, दाबायचं. पुढचं.

त्यात एक निळ्या शर्टचा असायचाच. कधीतरी उपेंद्र वर्कशॉप बघायला आला होता तेव्हा म्हणाला होता, "दादा, मलापण बसव ना एखाद्या बिल्डिंगमध्ये. फुकटात फ्लॅट!" तेव्हापासून भावोजी प्रत्येक मॉडेलमध्ये एक निळ्या शर्टवाला ठेवायचे.

नकाशावर सतरा नंबरच्या बाकाशेजारी डॅनिशमध्ये एक ओळ लिहिली होती. वर्कशॉपचा नियम होता, जे कळत नाही त्याचा फॅक्स करून खुलासा मागवायचा. पंधरा वर्षांत भावोजींनी तो नियम मोडला नव्हता.

त्या दिवशी फॅक्स केला नाही.

सोळा भरला. सतरा भरला. अठरा भरला.

शनिवारी थोर्किल आला. छप्पर उचलून आत वाकला आणि तसाच राहिला.

"इथे माणसं कोणी बसवली?"

"मी."

"लिहिलंय की रिकामा ठेवा म्हणून."

मग त्यानं सांगितलं. पूर्वी त्या गावची एक बोट गेली, सात जणांसकट. एकही प्रेत मिळालं नाही. प्रेत नाही म्हणजे दफन नाही, दफन नाही म्हणजे कबर नाही. मग त्यांचं काय करायचं? गावानं त्यांना चर्चमधला एक बाक दिला. सतरा. तेव्हापासून समुद्रात गेलेला, न सापडलेला प्रत्येक जण तिथे बसतो असं समजतात. प्रेत किनाऱ्याला लागलं की त्याची जागा सुटते.

"आणि जिवंत माणूस बसला तर?" हमदुल्लाचाचांनी विचारलं.

"नाही बसत कोणी," थोर्किल म्हणाला. "लहान पोरंसुद्धा नाही. प्लीज, काढून टाका."

तो गेल्यावर भावोजींनी बाकातली माणसं मोजली.

सात.

कडेला निळा शर्ट.

आपण काय केलं ते त्यांना कळलं. पण तेही लांबूनच कळलं. पुढे मला सांगताना ते म्हणाले, "मला भीती वाटायला हवी होती गं. वाटतच नव्हती."

त्यांनी ब्लेड घेतलं. सुपरग्लू म्हणजे सुपरग्लू, एकही हलेना. एकला जेवणाची सुट्टी झाली. चारपर्यंत सगळी माणसं बसनं कामगारांच्या कॅम्पवर जायची.

"मुरलीभाई, यल्ला, बस खडी है. थोडा आराम करा."

"तुम्ही व्हा पुढे, चाचा."

शटर अर्धं खाली आलं. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. भावोजी स्टुलावर बसून होते, कशाकडेच न बघता.

आणि मग...

टक.

बाकाच्या दाराची कडी असते ना, तेवढासा आवाज.

थोडा वेळ काही नाही. मग लाकूड करकरलं. कोणीतरी बराच वेळ बसून उठावं तसं.

त्यांनी आत वाकून बघितलं. सतराचं दार उघडं होतं.

आत सहाच माणसं.

सातव्याच्या जागी गोंदाचा डागसुद्धा नव्हता. लाकूड ओलं होतं. त्यांनी बोट लावून जिभेला लावलं.

खारट.

चार वाजता ऑफिसातला फोन वाजला. टगच्या कंपनीचा माणूस होता. एक बॉडी मिळाली. उपेंद्र नाही, स्वयंपाकी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनदा आवाज आला. फोनही दोन आले.

तिसऱ्या दिवशी हमदुल्लाचाचा बसमध्ये चढलेच नाहीत. भावोजींच्या शेजारी स्टूल ओढून बसले. दोन वाजून गेले असतील...

टक.

दोघांच्या देखत दार उघडलं. दोघांचीही पापणी लवली असेल नसेल, आणि आत एक माणूस कमी होता.

चाचा उठले. स्टूल त्यांनी मॉडेलपासून लांब सरकवलं.

"ये अपने बस की बात नाही, मुरलीभाई. ह्याला हात लावू नका. खलास. पॅक करके भेज दो."

गुरुवारपर्यंत सहा माणसं मिळाली. सहा घरी सहा फोन गेले.

बाकात एकटा निळा शर्ट उरला.

त्या रात्री भावोजींनी गावी फोन लावला. त्यांची आई मालवणला असायची. बातमी तिला कळली होती.

"सगळ्यांचे मिळाले म्हणतात रे," ती म्हणाली. "माझाच कुठे राहिला?"

"शोधतायत, आई."

"जसा असेल तसा आण मला तो. तोंड तरी बघू दे." मग आवाज बदलून म्हणाली, "पण तो पट्टीचा पोहणारा आहे हां, मुरली. आधी जिवंत आहे का ते बघ. तो कुठेतरी लागला असेल बघ किनाऱ्याला."

शुक्रवारी वर्कशॉप बंद असतं. भावोजी किल्ली घेऊन एकटेच गेले. ताईला सांगितलं, मॉडेल पॅक करायचंय.

दुपारी एक वाजला.

दोन.

टक.

दार उघडलं, आणि या वेळी कोणी गेलं नाही.

निळा शर्ट जागेवरच होता. पण ओला, गळ्यापर्यंत. रंग गडद झालेला. आणि मान... मान त्यांनी वेदीकडे करून चिकटवली होती. ती आता दाराकडे वळली होती.

भावोजींनी चिमटा पुढे केला. टोक लागताच माणूस डुगडुगला. गोंद सुटला होता. नुसता उचलायचा होता.

उचलला की फोन येणार.

फोन येणार म्हणजे उपेंद्र मिळणार. त्याला घरी नेता येईल, अग्नी देता येईल. आणि मालवणच्या घरात पट्टीच्या पोहणाऱ्याची वाट बघणारी बाई त्याच दिवशी संपेल. हे त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं.

ते किती वेळ तसे उभे होते त्यांना आठवत नाही. बादली भरून पाणी फरशीवर आलं होतं.

मग त्यांनी चिमटा मागे घेतला.

बोटानं दार लोटलं. आतून हलकासा रेटा आला, असं ते सांगतात. मांजरीच्या पिल्लानं डोकं लावावं एवढाच.

त्यांनी दार दाबून धरलं आणि फटीत सुपरग्लूची अख्खी नळी पिळली.

रेटा थांबला.

रविवारी थोर्किल आला. छप्पर उघडून त्यानं आत पाहिलं. "एक राहिलाय," तो म्हणाला.

"राहू दे," भावोजी म्हणाले.

थोर्किलनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला कोणीतरी सांगितलं असावं. त्यानं कागदावर सही केली.

मॉडेल गेलं. नंतर ते कुठे नेलं म्हणाल तर भावोजींना माहीत आहे, पण ते सांगत नाहीत.

उपेंद्र मिळाला नाही. मालवणच्या आईनं साडेतीन वर्षं सगळ्यांना सांगितलं की त्याला इराणच्या तुरुंगात ठेवलंय, कागद झाले की सुटेल. ती खात होती, पीत होती, भांडत होती. जगत होती. दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत झोपेतच गेली. शेवटपर्यंत तिचा धाकटा मुलगा यायचाच होता.

तिच्या दिवसांत मी ताईच्या मदतीला मालवणला गेले होते. नवव्या दिवशी संध्याकाळी मागच्या पडवीत भावोजींनी मला हे सगळं सांगितलं. एका सुरात, यादी वाचावी तसं. मला त्यांचा राग आला. मग कीव आली. भावाला कोंडून त्यांनी आई जगवली होती. की नुसत्या दुःखानं डोकं फिरून एक खेळण्यातलं दार चिकटवलं होतं? चाचा आता हयात नाहीत. विचारायचं तरी कोणाला?

दुसऱ्या दिवशी दहाव्याचे विधी झाले. गुरुजी घराण्यातल्या गेलेल्यांची नावं घेत होते. भावोजी प्रत्येक नावाला ओंजळीतून पाणी सोडत होते. आजोबा. वडील. काका.

मग गुरुजींनी आवाज खाली आणला.

"आणि धाकटे बंधू? उपेंद्र. इतकी वर्षं झाली... त्यांच्या नावानं सोडायचं ना?"

भावोजींची ओंजळ तशीच राहिली. पाणी बोटांच्या फटीतून आपोआप गळत होतं, ते त्यांनी हात घट्ट मिटून थांबवलं.

"नाही," ते म्हणाले. "मी त्याला अजून उठू दिलेलं नाही."

गुरुजींनी माझ्या ताईकडे पाहिलं. ताईनं माझ्याकडे. मी खाली बघितलं, आणि गुरुजी पुढचं नाव घ्यायला लागले.