देठ

बातमी आली त्या दिवशी सकाळी बेबाबाई खुशीत होती. धुळ्याच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, भिंतीकडच्या खाटेवर ती बसली होती आणि नर्स सुनंदाबाई ओल्या कापसाने तिचं नवं नाक पुसत होत्या. सोमवारी देठ कापायचा होता.

नाक तिच्याच कपाळाचं होतं. लढाईत सैनिकांची फाटलेली तोंडं शिवून आलेल्या डॉक्टरांनी कपाळाच्या मधलं कातडं सोडवलं, पिळा देऊन खाली घेतलं आणि नाकाच्या जागी बसवलं. भुवयांमधून लोंबणारी कातड्याची एक वळी अजून वर जोडलेली होती, तिच्यातून नाकाला रक्त मिळे. डॉक्टर तिला देठ म्हणत. कलमासारखं नाक धरलं की देठ कापायचा, आणि मग बेबाबाई चार माणसांत जायला मोकळी.

"कापूस कुठे लागतोय, सांग बरं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"कपाळले," बेबाबाई म्हणाली आणि दोघी हसल्या. कापूस नाकावर होता. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, नसा कपाळाच्या आहेत, काही दिवस नाकाला आपण कपाळच आहोत असं वाटेल.

तेवढ्यात तिचा भाऊ भाईदास चहाचा तांब्या घेऊन आला. तांब्या रिकामाच होता.

"बेबा, पितांबर गया," तो म्हणाला. "तुरुंगमा. ताप व्हता."

पितांबर तिचा नवरा. विहिरीवर ती कुणाशी तरी हसली म्हणून त्याने भर दुपारी तिला घराच्या भिंतीशी नेलं होतं. कुंकवावर डावा अंगठा रोवून तिचं डोकं भिंतीला दाबून धरलं होतं आणि उजव्या हाताने नाकावर विळा चालवला होता.

बेबाबाईने सुनंदाबाईंचा कापसाचा हात बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "खरंच गया ना? तू देखं का?"

"देखं."

"मंग जाय, चहा लई ये. साखर जास्त."

दुपारी सासू आली, यशोदाबाई, नरडाण्याहून. डोळे कोरडे. खाटेच्या लोखंडी दांडीवर तिने सुनेच्या बांगड्या फोडल्या. शेजारच्या बायांनी तोंडं फिरवली. मग पदराचं टोक ओलं करून तिने कुंकू पुसायला हात वर नेला. कपाळावर पट्टी होती.

"कपाळ कोठे शे हिनं?"

बेबाबाईने नाकाकडे बोट नेलं. लहानपणी गोंदलेला हिरवा ठिपका, ज्यावर ती रोज कुंकू लावी, आता नाकाच्या शेंड्यावर बसला होता. सासूने ओला पदर तिकडे वळवला.

"हात लावू नका!" सुनंदाबाई ओरडल्या. "दाब पडला तर काळं पडेल. मरेल ते नाक."

"मना पोऱ्या मरी गया, आनि तुम्ही हिना नाकले जपा!" सासू पदर पिळत म्हणाली. मग सुनेच्या कानाशी वाकली. "पुसू देत नहीत ना? ऱ्हाऊ दे. कुंकू त्यानं शे. तोच यी पुसाले."

दिवेलागण झाली. वॉर्डात फिनेलचा उग्र दर्प होता. बेबाबाईला कपाळावर काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. आधी हलकं, माशी बसावी तसं. मग दाब आला. डोकं मागे मागे जात भिंतीला लागलं. त्या नाकाला अजून वास येत नव्हता, तरी तिला विळ्याला येतो तसा, कापलेल्या ओल्या गवताचा वास आला...

"बाई..."

सुनंदाबाईंनी कंदील जवळ आणला. गोंदणावर अंगठ्याएवढा पांढराफटक खळगा पडला होता. त्यात रक्त हळूहळू परत भरत होतं.

"हात लावलास?"

"नही..." तिचे दोन्ही हात चादरीखाली होते.

डॉक्टर म्हणाले, रक्त कमी पडतंय, थांबावं लागेल. बेबाबाईने त्यांचे पाय धरले. "देठ कापी टाका, साहेब. एकदा ते नाक व्हयनं का त्याले सापडाव नही. आते ते कपाळ शे. कपाळ त्याले माहीत शे."

डॉक्टरांना बोलणं कळलं नाही, पण तिचं रडणं कळलं. सोमवारी त्यांनी तिला टेबलावर घेतलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. सुई देऊन जागा बधिर केली. सुरी देठाला टेकली आणि सगळ्यांच्या देखत नाक पांढरं पडलं. शेंडा आत गेला. बेबाबाईचं डोकं उशीत रुतत चाललं, रुतत चाललं... डॉक्टरांनी मान वर करून मदतनिसांचे हात पाहिले. सगळे हात लांब होते.

त्यांनी सुरी ताटलीत ठेवली. "पुढच्या सोमवारी बघू," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. पावसाळ्याआधी डॉक्टरांची बदली झाली आणि भाईदास बहिणीला माहेरी घेऊन गेला.

नाक चांगलं धरलं आहे. वळीवरून पदर ओढून ती शेतात जाते, कापूस वेचते. संध्याकाळी मात्र भिंतीजवळ फिरकत नाही, अंगणाच्या मधोमध बसते. तरी डोकं मागे जातं, आणि मागे काहीही नसताना कशाला तरी टेकून राहतं.

देठ कापायचा राहिला.