मोघम गाऱ्हाणं

त्या दुपारी मनस्वीला एवढंच करायचं होतं, आबांचा आवाज साठवून ठेवायचा.

रात्रीच्या गाडीने बापलेक मुंबईला निघणार होते. आबांच्या घशात गाठ होती आणि डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. म्हणजे आबा जगणार होते, पण बोलणार नव्हते. आणि सदूआबांचं बोलणं ही साऱ्या वाडीची ठेव. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या त्या वाडीत वाडी राखणाऱ्या देवापुढे, राखणदारापुढे, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं ते त्यांनीच. ते एकेक मागणं मांडत आणि मागे उभी माणसं एका सुरात म्हणत, "व्हय म्हाराजा."

मनस्वी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. तिने पायथन या संगणकभाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर वाक्य यायचं, आबांनी ते वाचायचं, तिच्या मॅक संगणकाने साठवायचं. पुढे त्याच आवाजावर यंत्राला शिकवलं की आबा टाइप करतील आणि यंत्र आबांसारखं बोलेल. शेजारच्या बागेत मोहोरावर फवारणीचा पंप घरघरत होता, म्हणून तिने खिडक्यांना गोधड्या बांधल्या. भरदुपारी खोलीत अंधार झाला.

सगळं तयार, आणि पायऑडिओ ही तयार कोडची एवढीशी लायब्ररी इन्स्टॉल न होण्याच्या हट्टाला पेटली. मायक्रोफोनचा आवाज पायथनपर्यंत आणायचं काम या लायब्ररीचं. जुन्या मॅकवर ती मुकाट बसली होती. हा नव्या चिपचा मॅक मात्र दर वेळी लाल अक्षरं ओकत होता.

"काय गो बाय, नाय चालत?" गळ्याला मफलर गुंडाळून बसलेल्या आबांनी विचारलं.

"लायब्ररी बसत नाही आबा. नव्या मॅकमध्ये सामान ठेवायची जागा बदलली, आणि ही जुन्याच जागी शोधत बसते. नवा पत्ता दिला तरी ऐकत नाही."

"नव्या घराला राखणदार नसंल," आबा हसले.

मनस्वीचा जीव मेटाकुटीला आला होता. गाडीची वेळ जवळ येत होती. तिने मॅकपुढे हात जोडले आणि आबांच्याच ढंगात सूर लावला, "बा राखणदारा म्हाराजा, ही लायब्ररी एकदाची बसव. बदल्यात तुला काय हवं ते घे म्हाराजा."

आबांचं हसू मावळलं.

"असा मोगम नाय बोलायचा," ते हळूच म्हणाले. "नारळ दीन, कोंबडा दीन, काय ता नाव घेऊन सांगायचा. काय पायजे ता घे, असा त्याला कुनी सांगत नाय... मागं घे."

"गंमत केली, आबा."

"त्याला गंमत नाय समजत..."

पण मनस्वीचं बोट तोवर एंटरवर पडलं होतं. सकाळपासून फसलेली तीच आज्ञा, अक्षराचाही फरक नाही. या वेळी लाल काही उमटलंच नाही. लायब्ररी बसली. त्या आनंदात मागे घ्यायचं राहून गेलं.

आज्ञा टाइप करायच्या खिडकीला, टर्मिनलला, मायक्रोफोन वापरू द्यायचा का, असं मॅकने विचारलं. तिने होकार दिला आणि पडद्याच्या कोपऱ्यात मायक्रोफोन चालू असल्याचा नारिंगी ठिपका पेटला. त्याच वेळी खोलीत वास आला. विझल्या वातीचा, आणि नारळाची शेंडी जाळल्याचा. देवाजवळचा दिवा असेल, असं तिने स्वतःला समजावलं. दिवा सकाळीच विझला होता.

आबा वाक्यामागून वाक्य वाचत गेले. आवाज घोगरा होता, तरी खणखणीत. शेवटी त्यांनी स्वतःहूनच डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. घरादारासाठी, गुराढोरांसाठी, आंब्यासाठी. सर्वांत शेवटी म्हणाले, "पोर अजानपनी बोलली ता पोटात घाल. नारळ घे, बाकी सगला सोड म्हाराजा."

खोलीत "व्हय म्हाराजा" कुणीच म्हटलं नाही. मनस्वीने ध्वनिमुद्रण थांबवलं आणि ते ऐकून पाहिलं.

पंपाची घरघर होती. खुर्चीची करकर होती. तिचा स्वतःचा खोकला होता. आबांचा आवाज नव्हता. एकाही वाक्यात नव्हता. ती पुढे पुढे सरकवत गाऱ्हाण्यापाशी आली. तिथेही शांतता... आणि मग, अगदी माइकला ओठ लावल्यासारखं, कित्येक माणसांनी मिळून म्हटलं,

"व्हय म्हाराजा."

पुन्हा शांतता. पुन्हा, "व्हय म्हाराजा." दर मागण्याच्या शेवटी, बरोबर तिथेच. फक्त आबांचं शेवटचं मागणं जिथे संपायला हवं होतं, तिथे होकार आला नाही.

मनस्वीने फोन उचलला. "आबा... परत एकदा बोला. फोनवर घेते."

आबांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

गाठीने नस दाबली असेल, होतं असं, मुंबईचे डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. आबा घरी आले, गळ्याला पट्टी, हातात पाटी-पेन्सिल. पाटीवर ते जेवणखाणाचं लिहीत, पण त्या दुपारबद्दल कधीच काही लिहीत नसत. मनस्वी मात्र मनातून खचली होती. आपल्याच जिभेने बापाची जीभ गेली, हे तिला कुणाला सांगताही येईना. ती फाइल पुसायचं धाडस तिला होत नव्हतं.

एका दुपारी तिने ती पुन्हा लावली. शांतता. मग, "व्हय म्हाराजा." या वेळी घोळक्यात एक आवाज जास्त होता. घोगरा, शेवटचं अक्षर जरा लांबवणारा. तो तिने जन्मभर ऐकला होता.

तिने मान वळवली. खाटेवर आबा झोपले होते, आणि दर "व्हय म्हाराजा"ला त्यांचे ओठ हलत होते. पडद्याच्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका पेटलेला होता. मायक्रोफोन तिने चालू केलाच नव्हता.

तिने मॅक बंद केला, झाकण दाबून धरलं. आवाज थांबला. आबांचे ओठ थांबले नाहीत. ते हलत, मग कुणाचं तरी मागणं नीट ऐकून घेतल्यासारखे स्थिर राहत, आणि पुन्हा हलत.